पाऊस सरासरीजवळ, मग सोयाबीन कसे गेले?

प्रश्न : लातूर जिल्ह्यात माझी कोरडवाहू शेती आहे. 2023 साली भर ऑगस्टात पावसाने ओढ दिली आणि सोयाबीनचा फुलोरा गळून गेला. नोव्हेंबरात शासनाने दुष्काळसदृश महसूल मंडळांची यादी काढली, त्यात आमचे मंडळ थोडक्यात हुकले. पुण्यात आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करणारा माझा मुलगा म्हणतो, ‘बाबा, आकडे खोटे नसतात.’ मग आमचे नुकसान खोटे समजायचे का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर : आकडाही खरा आणि आपले नुकसानही खरे. त्या वर्षी जून ते सप्टेंबर या काळात देशात सरासरीच्या 94 टक्के पाऊस झाला. हा आकडा वाचून कोणीही म्हणेल की फारसे काही बिघडले नाही. परंतु महिने सुटे करून पाहिले, तर जुलैत सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त, ऑगस्टात 36 टक्के कमी आणि सप्टेंबरात पुन्हा 13 टक्के जास्त, असा तो पाऊस होता. 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. फुले आणि कोवळ्या शेंगा ज्या पंधरवड्यात पाणी मागतात, त्या पंधरवड्याची तूट सप्टेंबरच्या पावसाने बेरजेत भरून निघते, झाडावर निघत नाही. आपले वाडवडील पावसाचा हिशेब नक्षत्रांवर, म्हणजे साधारण तेरा-चौदा दिवसांच्या मापाने ठेवत, ते उगाच नव्हे. (अर्थात स्मरणशक्तीवर विसंबून शंभर वर्षांची तुलना करता येत नाही, ऑगस्टची ती नोंद आपल्याला पर्जन्यमापकानेच दिली आहे.)

आपण म्हणता त्या यादीत 1,021 मंडळे होती, आणि निकष होता सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी व एकूण 750 मिलिमीटरहून कमी पाऊस. मदत द्यायची तर कोठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. मात्र रेघेच्या अलीकडे-पलीकडे राहिलेल्या दोन शिवारांत पिकाची अवस्था एकसारखीच असू शकते. उलट एकाच मंडळात, बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाने विहिरीच्या पाण्यावर तुषार संच लावून दोन पाळ्या दिल्या आणि दुसऱ्याने उधारीच्या बियाण्यावर बटाईने पेरलेले उभे पीक वाळताना पाहिले, तरी पावसाच्या तक्त्यात दोघांपुढे एकच टक्केवारी लागते. विहीर, उधारी, बटाई यांना त्या तक्त्यात रकानाच नाही, आणि रकाना नसलेली गोष्ट घडलीच नाही असे मानणे हा आकड्याचा नव्हे, तो वाचणाऱ्याचा दोष आहे.

चिरंजीवांना आपल्या मंडळाचा रोजचा पाऊस काढायला सांगा आणि त्याशेजारी पेरणी, फुलोरा व शेंगा भरण्याच्या तारखा आपण स्वतः लिहा. पर्जन्यमापक आपल्या शिवारापासून किती किलोमीटर लांब आहे, तेही त्यांना नकाशावर मोजू द्या.