जुनी रेंजर घेताय? आधी हे तपासा

भाऊ, बिनसस्पेन्शनची (धक्के झेलणाऱ्या स्प्रिंग नसलेली) जुनी 26 इंची रेंजर सायकल मिळत असेल तर जरूर घ्या. 1981च्या स्टम्पजंपर या माउंटन बाइकपासून चालत आलेला ढाचा आहे, दणकट असतो. फक्त रंगावर भुलू नका. सीटपोस्ट (सीटखालची दांडी) आणि हँडलचा स्टेम (हँडल धरणारा दांडा) हलतो का ते आधी बघा. गंजून फ्रेममध्ये जाम असतील, तर उंची जुळवता येणार नाही. सौदा सोडा.

हमखास चूक होते टायरची. 26×1.95 आणि 26×1 3/8 दोन्हींवर ‘26’ असतं, पण रिम वेगळी. रेंजरसाठी टायरच्या कडेवर 559 (रिमचं मिलिमीटरमधलं माप) लिहिलेलं हवं. 590वाला, म्हणजे 26×1 3/8, या रिमवर ढिला पडतो.

चेन पट्टीने मोजा. 24 कड्या म्हणजे 12 इंच. 1/16 इंच वाढली की चेन बदला. 1/8 वाढली असेल तर फ्रीव्हीलही (मागच्या चाकाची दातेरी चकती), नाहीतर नवी चेन झिजलेल्या दात्यांवरून उडते.

बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव), हवा 40 पीएसआयच्या आसपास. खान्देशच्या उन्हात उभ्या सायकलचे ब्रेक-रबर दगड होतात. नख रुतत नसेल तर तोरणमाळच्या उताराआधी नवे टाका. पावसाळ्यात काळ्या मातीत घालू नका, फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात) चिखल भरून चाकच थांबतं. हब (चाकाचा मधला तुंबा) उघडणं सध्या राहू द्या. महिनाभर मनसोक्त चालवा, मग विचारा.