पुलावरच्या रात्रीच्या आवाजाची तक्रार कुणाकडे करायची?

प्रश्न : पुण्यात आमच्या इमारतीपासून जेमतेम 12 मीटरवर नवा उड्डाणपूल झाला. तो सुरू होऊन चार महिने झाले. रात्रभर हॉर्न, ट्रकची घरघर, आणि पुलाच्या सांध्यावरून चाक गेलं की धडाड्! वडिलांची झोप उडाली आहे. मोबाइलवर 80 डेसिबल दिसतात. पोलिस म्हणतात, वाहतूक कशी बंद करणार?

उत्तर : वाहतूक बंद करा, असं तुम्ही म्हणूच नका. 'वाहतुकीचा त्रास' असा एकच अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. प्रत्येक आवाजाचा अर्ज वेगळा करा.

हॉर्नची बाजू तुमची भक्कम आहे. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 हॉर्नला बंदी आहे. इथे डेसिबल मोजावेच लागत नाहीत. विनाकारण हॉर्नला मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 एफखाली पहिल्यांदा 1,000, पुढे 2,000 रुपये दंड आहे. वाहतूक शाखेकडे रात्रीची कारवाई आणि 'हॉर्न वाजवू नये' हे फलक मागा.

धडाड् आवाज बहुधा सैल किंवा वरखाली झालेल्या सांध्याचा असेल, म्हणजे हा दुरुस्तीचा विषय. खांब क्रमांक आणि वेळेसह व्हिडिओ जोडून पूल बांधणाऱ्या यंत्रणेच्या कार्यकारी अभियंत्याला लिहा. नव्या पुलाला सहसा दोषदायित्व कालावधी असतो. त्यात दुरुस्ती ठेकेदारानं स्वखर्चानं करायची असते. करारातली ती मुदत माहिती अधिकारात मागून घ्या.

उरलेल्या घरघरीसाठी मात्र मोजमाप लागेल, आणि बहुतेक तक्रारी इथेच पडतात. निवासी भागाची रात्रीची मर्यादा 45 डेसिबल; ती 10 किंवा अधिक डेसिबलने ओलांडली, म्हणजे 55 झाले, की तक्रार करता येते. पण ही मर्यादा संपूर्ण रात्रीच्या सरासरी पातळीची आहे. तुमचे 80 हा एका ट्रकचा क्षणिक आकडा. समोरचा वकील तो पहिल्याच तारखेला खोडेल. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे रात्री 10 ते 6 सलग मोजणी लेखी मागा, किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून करून घ्या; अहवालासोबत यंत्राचं कॅलिब्रेशन (यंत्र अचूक मोजतं याचं) प्रमाणपत्र हवंच. आधी झोन दाखला, म्हणजे जागा निवासी की व्यावसायिक हे सांगणारा दाखला, काढा. विकास आराखड्यात जागा व्यावसायिक निघाली तर रात्रीची मर्यादा 55 आणि तक्रार 65 पासून.

आवाजरोधक भिंतीसाठी पुण्यातल्या राष्ट्रीय हरित लवादाच्या खंडपीठाकडे जाता येतं. लवादाच्या कायद्याच्या कलम 14 खाली तक्रारीचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो. तुमचे दोनच उरलेत. सबळ कारण दाखवलं तरच पुढे फार तर 60 दिवस मिळतात. पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. याच आठवड्यात सोसायटीचा ठराव करून घ्या, वडिलांच्या डॉक्टरांचा लेखी अहवाल घ्या, आणि प्रत्येक अर्जाच्या पोचेवर तारखेचा शिक्का घ्यायला विसरू नका.