दवाखान्याची जागा ठरवण्याआधी

स्वतःचा दवाखाना कुठे काढावा, हा प्रश्न तुम्ही इंटर्नशिप संपण्याआधीच विचारलात, हे फार चांगले केलेत. पुष्कळजण कर्ज काढल्यावर हा विचार करतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घाई करू नका. बंधपत्रित सेवेचे, म्हणजे एमबीबीएसनंतर सरकारी आरोग्यसेवेत द्यावे लागणारे १ वर्ष ज्या गावी मिळेल, तिथे मुक्कामाला राहा, नागपूरहून रोज ये-जा करू नका. रात्री दोन वाजता सर्पदंशाच्या रुग्णाला घेऊन घरचे लोक दार ठोठावतात, तेव्हा या गावात आपल्याला आयुष्य काढता येईल का, हे ज्याचे त्याला उमगते. गडचिरोली-चंद्रपूरकडे गेलात तर सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण नियमित तपासायला मिळतील आणि तो अनुभव विदर्भात कुठेही उपयोगी पडेल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेचा मोह. तिथे रुग्णालयांची दाटी आहे. मीही तिथेच गाळा घेतला होता आणि पहिली दोन वर्षे केवळ भाडे भरण्यात गेली. उमरेड, काटोल किंवा हिंगण्याकडच्या वस्त्या आधी पाहा.
- जागा एकदाच, तीही सकाळी पाहणे. रात्री नऊनंतर पुन्हा जा. औषधाचे दुकान उघडे असते का, ऑटो मिळतो का, हे स्वतः पाहा.
- जोडीदाराची नोकरी आणि आईवडिलांची सोय शेवटी विचारात घेणे.

नर्सिंग होमची नोंदणी, यंत्रसामग्री हे विषय सध्या बाजूला ठेवा. आधी दोन-तीन गावांची नावे वहीत लिहा आणि पावसाळ्यात तिथे एकेक आठवडा राहून या.