व्हिडिओ गेममध्ये ख्रिस्ती अर्थ शोधणं म्हणजे ओढाताण नाही का?

कधीकधी असतेच. नायक मेला आणि पुन्हा उठला की लगेच त्याला येशू ठरवायचं, हे मलाही पटत नाही. गेममध्ये तर सगळेच दहादा मरून उठतात! पण शोधणं मुळात चुकीचं नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय १७ मध्ये ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल अथेन्सच्या लोकांना आपल्या देवाबद्दल सांगताना त्यांच्याच कवींचे शब्द वापरतो. २०१६ मध्ये आलेला 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' खेळून बघा. कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहानग्यावर ख्रिस्ती आईवडिलांनी तो बनवला. त्यात प्रार्थना आहे, पण कितीही बटणं दाबली तरी मूल वाचत नाही. वधस्तंभाची चिन्हं हुडकण्यापेक्षा, गेम त्यागाची किंवा क्षमेची किंमत खेळणाऱ्याला मोजायला लावतो का, हे मी आधी बघतो.