मामांच्या डब्यातले कंडेन्सर आणि गिटारचं पेडल

प्रश्न : मामांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आवरताना जुन्या सुट्या भागांचे डबे माझ्याकडे आले. त्यात ०.०५ आणि ०.०२ मायक्रोफॅरडचे कंडेन्सर, चॉकलेटी रेझिस्टर आणि थोडे एसी१२८ ट्रान्झिस्टर आहेत. मला गिटारसाठी ओव्हरड्राइव्ह आणि फझ पेडल (गिटारचा आवाज फाटका, खरखरीत करणाऱ्या पायाने दाबायच्या पेट्या) बनवायचं आहे, पण आराखड्यांत ०.०४७, ०.०२२ असे आकडे दिसतात. एम. जी. रोडच्या दुकानांत विचारलं तर ‘हे आता चालत नाही’ म्हणाले. वापरू का?
— विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : वापरा, आणि डबे कुणाला देऊ नका! ०.०५ आणि ०.०४७ मध्ये फरक जेमतेम सहा टक्क्यांचा. त्या काळच्या कंडेन्सरवरचा आकडाच कित्येकदा वीस टक्के इकडेतिकडे असायचा. ट्यूब स्क्रीमर या गाजलेल्या पेडलच्या पद्धतीच्या ओव्हरड्राइव्हमध्ये ४.७ के (किलो-ओहम) रेझिस्टर आणि ०.०४७ चा कंडेन्सर मिळून साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज कमी करतात. तिथे ०.०५ लावलात तर ही सीमा ६७७ वर येईल. वाजवताना तुम्हालाही कळणार नाही आणि ऐकणाऱ्यालाही.

मात्र छापलेल्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक भाग मीटरवर मोजा. चॉकलेटी कार्बन रेझिस्टर वर्षानुवर्षं पावसाळ्याची दमट हवा पिऊन वाढलेले असतात. १०० के चा १२० निघाला तर नवल नाही. ते सरसरही जास्त करतात, म्हणून गिटारचा सिग्नल जिथे शिरतो तिथे नवा मेटल फिल्म लावा आणि जुने एलईडीसारख्या ठिकाणी खपवा. आकडा जमत नसेल तर जोडून घ्या : १० के आणि ४७ के समांतर लावले की ८.२ के झालेच. पायांवर काळपट थर असेल तर ब्लेडने खरवडल्याशिवाय सोल्डर धरणार नाही.

इलेक्ट्रोलायटिक जातीचे कंडेन्सर मात्र सरळ फेकून द्या. आतलं द्रव वाळलेलं असतं. फझ फेस या गाजलेल्या फझ पेडलच्या मूळ आराखड्यात २० मायक्रोफॅरड आहे, त्याजागी आजचा २२ चा नवा बिनधास्त लावा.

खरी दौलत ते एसी१२८ आहेत. हे जर्मेनियमचे, १९६६ च्या फझ फेसच्या जातकुळीतले. पण त्यांच्यातून करंट गळतो, आणि गळती धरून मीटर गेन (ट्रान्झिस्टर करंट किती पट वाढवतो तो आकडा) फुगवून दाखवतो. म्हणून आधी गळती मोजा : ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एमिटर ९ व्होल्टच्या प्लसला, कलेक्टर २.२ के मधून मायनसला, बेस मोकळा. रेझिस्टरवर ०.२२ व्होल्ट आले तर गळती १०० मायक्रोअँपिअर, ०.४४ च्या पुढचा मी फझमध्ये घालत नाही. मोजताना ट्रान्झिस्टर बोटात धरू नका, बोटांच्या उबेनेही आकडा चढतो. फझमध्ये दोन ट्रान्झिस्टर लागतात : पहिल्या जागी ७०-८० गेनचा, दुसऱ्या जागी ११०-१२० चा शोधा.

तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की गळती जवळपास दुप्पट होते. डिसेंबरच्या थंडीत छान जुळवलेलं पेडल आपल्याकडच्या एप्रिलमध्ये दबकं, तुटक वाजेल. म्हणून दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या ८.२ के च्या जागी २० के चा प्रीसेट (स्क्रूड्रायव्हरने फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) बसवा आणि कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास ठेवा. ट्रान्झिस्टरसाठी सॉकेट लावा. चार-पाच अदलून-बदलून ऐकल्याशिवाय जोडी ठरवू नका. या कामाला एक अख्खी संध्याकाळ द्याच. आवाज या जोडीत आहे, ०.०५ की ०.०४७ यात नाही.

प्रश्न : एसी१२८ चं फझ बॅटरीवर उत्तम चालतं. बाकीच्या पेडलांसोबत एकाच अडॅप्टरवर लावलं की सगळीच बंद पडतात. का?
— वाचक, पंचवटी

उत्तर : एसी१२८ पीएनपी जातीचा, म्हणजे उलट्या ध्रुवांवर चालणारा ट्रान्झिस्टर आहे. तुमच्या फझची ग्राउंड (सर्किटची सामाईक तार) बॅटरीच्या प्लसला आहे, बाकीच्यांची मायनसला. गिटारच्या केबलच्या जाळीतून या दोन्ही ग्राउंड एकत्र येतात आणि अडॅप्टर शॉर्ट होतो. फझला स्वतंत्र ९ व्होल्टची बॅटरी ठेवा. करंट इतका कमी लागतो की ती महिनोन्महिने पुरेल, फक्त वाजवून झाल्यावर इनपुटची पिन काढत जा.