कामगार युनियनने निवडणुकीत आणि नागरी हक्कांच्या लढ्यात पडावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात वेर्ण्याच्या एका कारखान्यात तुम्ही नुकतेच कायम झालात, युनियनचे सभासद झालात, आणि लगेच ‘निवडणूक निधी’ म्हणून वेगळी वर्गणी मागितली गेली. वर एका उमेदवाराच्या सभेला या, असंही सांगितलं. युनियनने पगारवाढीचं बघावं, निवडणूक आणि नागरी हक्क यांत तिचं काय काम, आणि वर्गणी नाकारली तर काय होईल, असं तुम्ही विचारलंय.

मी फोंडा तालुक्यात एका कारखान्यात नोकरी केली आणि बरीच वर्षं युनियनच्या कार्यकारिणीवर होतो. माझं मत आधीच सांगतो. युनियनने निवडणुकीत जरूर पडावं, पण मत कोणाला द्यायचं हे सांगण्यासाठी नव्हे. कामगाराला कुणाला न घाबरता मत देता यावं, यासाठी पडावं. नोकरी जाईल या धाकाखाली दिलेलं मत मी स्वतंत्र मत मानत नाही, आणि तो धाक काढण्याची ताकद युनियनइतकी दुसऱ्या कुणाकडे नाही.

वर्गणीचं आधी संपवू. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याच्या कलम 16 प्रमाणे युनियनचा नेहमीचा निधी निवडणुकीवर खर्च करता येत नव्हता. त्यासाठी वेगळा निधी काढावा लागे. सभासदांच्या नागरी आणि राजकीय हितासाठी हा निधी, असे कायद्याचेच शब्द आहेत. उमेदवाराचा खर्च, सभा, पत्रकं आणि मतदारनोंदणी, अशा गोष्टी त्यातून करता येत. मात्र पैसे देणं सभासदाच्या मर्जीवर. न देणाऱ्याचं सभासदत्व नाकारता येत नाही, त्याचा कुठला लाभ अडवता येत नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही वेगळा निधी आणि ऐच्छिक वर्गणी हे तत्त्व कायम ठेवलंय. या तरतुदीचं मूळ इंग्लंडात आहे. तिथे ऑसबर्न नावाच्या एका रेल्वे कामगाराने तुमच्यासारखाच आक्षेप घेतला, 1909 साली तो वरच्या न्यायालयापर्यंत जिंकला, आणि 1913 च्या कायद्याने युनियनला राजकीय निधी ठेवायची मुभा मिळाली, पण नको असेल त्या सभासदाला बाहेर राहायची सोयही मिळाली.

आमच्याकडे दोन पावतीपुस्तकं असायची. मासिक वर्गणीचं पांढरं आणि राजकीय निधीचं गुलाबी. खजिनदाराला ताकीद होती की माणसाला विचारल्याशिवाय गुलाबी पावती फाडायची नाही, आणि कोणी दिली नाही त्यांची यादी कुठेही लावायची नाही. अशा याद्या नोटीस बोर्डावर लावणारी युनियनही मी पाहिली आहे. तिथे पुढे गेट मीटिंगला माणसं येईनाशी झाली.

आता मोठा प्रश्न. गोव्यात नागरी हक्क आणि कामगार हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. 18 जून 1946 ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली, ती नागरी स्वातंत्र्याच्या मागणीसाठी. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत संप बेकायदा होता, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर होता, चार माणसं जमवायची तर परवानगी लागे. जिथे सभा घेता येत नाही तिथे युनियन कुठून येणार? 1961 च्या मुक्तीनंतर भारताचे कामगार कायदे इथे लागू झाले आणि मुरगावच्या धक्क्यावर, खाणींवर युनियन उभ्या राहिल्या. राज्यघटनेच्या कलम 19(1)(ग) मधला संघटना करण्याचा हक्क आपल्याकडे उर्वरित देशापेक्षा दशकभर उशिरा पोचला, हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

लगेच 1963 ची पहिली विधानसभा निवडणूक झाली. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत घर असलेल्या मुंडकाराने आणि त्याची शेती कसणाऱ्या कुळाने, मतदान गुप्त आहे या भरवशावर, भाटकारांच्या बाजूला नव्हे तर मगोपला (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला) मत दिलं. या पक्षाचे नेते भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते, तरी खाणीवर राबणाऱ्याने त्यांच्या पक्षाला मत दिलं. कारण तो आधी कूळ होता, बहुजन समाजातला होता, कामगार नंतर. 1964 ला कूळ कायदा आला, 1975 ला मुंडकार कायदा. डाव्या पक्षांना गोव्याच्या विधानसभेत पाय का रोवता आले नाहीत, याचं मला पटलेलं उत्तर हेच. युनियनला वाटतं आपला सभासद म्हणजे फक्त कामगार. तो मतदानाच्या रांगेत जातो तेव्हा त्याच्यासोबत त्याची जात, त्याची वस्ती, देऊळ नाहीतर इगर्ज (चर्च), आणि आमदाराने लावलेली भावाची नोकरी हे सगळं असतं.

म्हणून मला रापणकारांचं, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांचं, आंदोलन जास्त महत्त्वाचं वाटतं. सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्यालगत येऊन मासळी खरवडून नेऊ लागले, तेव्हा रापणकार एकवटले. माथानी साल्ढाणा त्यांचे पुढारी. त्यांच्या रेट्यातून 1980 चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून पाच किलोमीटरचा पट्टा यांत्रिक ट्रॉलरना बंद झाला. माथानी आमदार झाले ते 2002 मध्ये. म्हणजे कायदा आधी आला, खुर्ची वीसेक वर्षांनी. उमेदवार निवडून आणण्यावरच सगळी शक्ती लावणाऱ्या युनियन पुढाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा.

पण इथल्या निवडणुकीत संघटित मताचं वजन मोठं असतं, हेही खरं. चाळीस मतदारसंघ आणि तेही इवलेसे. 2022 ला फोंड्यात निकाल 77 मतांनी लागला, सांत आंद्रेत 76 मतांनी. एका कारखान्याच्या एका शिफ्टमध्ये याहून जास्त माणसं असतात. उमेदवारांना हे कळतं, म्हणून निवडणूक जवळ आली की ते युनियनच्या कचेरीत येतात, आणि नेमकी तिथेच युनियन विकली जाण्याची भीती असते. आमच्या वेळी आम्ही उमेदवाराला एकच कागद द्यायचो: कंत्राटी कामगारांना समान कामाला समान वेतन, किमान वेतनाचा वेळेवर आढावा, कारखान्यांच्या वसाहतीत रात्रपाळीसाठी बस. सही करणार का, एवढं विचारायचं. सही झालेला कागद गेटवर लावायचा, न झालेलाही लावायचा. पुढचं ज्याचं त्याने ठरवायचं.

आज खरा धाक आहे तो कंत्राटी माणसाला. कायम कामगाराला आमदार काही करू शकत नाही. पण ज्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी नव्याने करावं लागतं आणि जो कुणाच्या तरी चिठ्ठीने लागलाय, त्याला निवडणुकीच्या आधी फोन जातो. गोव्यात नोकरी हेच राजकारणाचं चलन आहे. 2024 मध्ये सरकारी नोकरीसाठी पैसे उकळल्याची प्रकरणं पोलिसांत गेली, अटका झाल्या, तेव्हा इथे फारसं कुणाला नवल वाटलं नाही. याचं मला मनापासून दुःख आहे.

या माणसासाठी युनियन काय करू शकते ते एका उदाहरणाने सांगतो. एका निवडणुकीत मतदानाच्या दिवशी कारखाना बंद होता. पुढच्या पगारात कंत्राटदाराने आपल्या माणसांचा तो दिवस कापला. मस्टरवर लाल शाईने गैरहजेरी. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब प्रमाणे मतदानाची सुट्टी भरपगारी असते, आणि एरवी सुट्टीचा पगार न मिळणाऱ्या रोजंदारीवाल्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी लागते. आम्ही कलमाची प्रत, मस्टरची झेरॉक्स आणि नावांची यादी घेऊन व्यवस्थापनाकडे गेलो. पैसे मिळाले. कायद्यात दंड जेमतेम पाचशे रुपयांपर्यंत आहे, त्यामुळे नुसत्या दंडाला कंत्राटदार घाबरला नसता. मागे कायम कामगार उभे आहेत हे दिसलं, म्हणून त्याने दिले.

अमेरिकेतल्या युनियननी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढा दिला, मग आपल्या का देत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. तिथलं चित्र इतकं सरळ नव्हतं. रेल्वेच्या डब्यांत काम करणाऱ्या काळ्या पोर्टरांची युनियन ए. फिलिप रँडॉल्फ यांनी 1925 साली उभी केली, आणि 1963 चा वॉशिंग्टनचा मोर्चा उभा करण्यात तेच पुढे होते. मोटार कामगारांची युनियन त्यांच्यासोबत होती, पण तिथल्या सगळ्यात मोठ्या कामगार महासंघाने मोर्चाला पाठिंबा दिला नाही. काही युनियनमध्ये तर काळ्या माणसाला प्रवेशच नव्हता. 1968 ला मेम्फिसमध्ये सुमारे तेराशे सफाई कामगार ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन संपावर गेले. त्यांच्या पाठीशी आलेले मार्टिन ल्यूथर किंग 4 एप्रिलला तिथेच मारले गेले, आणि त्याच महिन्यात शहराने युनियनला मान्यता दिली.

आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा विटाळ मानत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. युनियन स्वतःच्या सभासदांतला अन्याय बघत नसेल, तर बाहेरच्या अन्यायावर तिने कितीही भाषणं दिली तरी कोण ऐकणार?

गोव्यात हा प्रश्न आज परप्रांतीय कामगारांच्या बाबतीत आहे. कर्नाटक, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेली माणसं आपल्या शेजारी मशिनवर उभी असतात आणि चहाच्या टपरीवर त्यांना ‘घांटी’ म्हणतात. घरमालक भाडेकरार देत नाही, म्हणून पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून मतदारयादीत नाव नाही. मतदारनोंदणी हे तर युनियनचं कायद्याने मान्य केलेलं काम. तरी ते करणाऱ्या युनियन मला फार थोड्या दिसल्या.

खाणींचंही असंच. 2018 मध्ये 88 लीज रद्द होऊन खाणी बंद पडल्या. कामगार पणजीत रस्त्यावर उतरले, लाठीमार झाला. त्यांच्या चुली विझल्या होत्या, त्यांचा राग रास्त होता. पण वर्षभर आधीच सत्तरीतल्या सोनशी गावाने धूळ आणि पाण्यासाठी खनिजाचे ट्रक अडवले होते आणि गावकऱ्यांना तुरुंगात जावं लागलं होतं. तेव्हा किती युनियन सोनशीच्या बाजूने बोलल्या? दोन्हीकडची माणसं एकाच तालुक्यातली, कधी एकाच घरातली.

आता तुमच्यापुरतं. राजकीय निधीला नाही म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, सभेला जायची सक्तीही कोणी करू शकत नाही. कारण न देता नाही म्हणा, मासिक वर्गणी मात्र वेळेवर भरत राहा. सर्वसाधारण सभेत दोन गोष्टी विचारा: या निधीचा हिशेब वेगळा ठेवलाय का, आणि उमेदवाराला पाठिंबा द्यायचा ठराव सभासदांच्या मतदानाने झाला की चार पदाधिकाऱ्यांनी ठरवला. कोणी त्रास दिला तर आधी युनियनच्या अध्यक्षांना लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर पणजीला पाटो इथे श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांची कचेरी आहे. तिथे अर्ज द्या, सोबत पावतीची प्रत जोडा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.