बाबा दांडा बसवू देत नाहीत

‘सासरे पंचाहत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात. टॉयलेटमध्ये धरायला दांडा बसवू म्हटलं की अंगावर येतात. काय करू?’ ज्येष्ठांच्या समुपदेशनात हा प्रश्न कायमचा, आणि विचारणारी बहुतेक वेळा सूनच असते. त्यावरून एक घर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

त्या घरात मुलाने कुणाला न विचारता ऑनलाइन हँडल मागवलं होतं, टाइलला रबरी वाट्यांनी चिकटणारं. काकांनी ते उपटून सुनेच्या हातात ठेवलं. तिच्या मते हा निव्वळ हट्ट. मला मात्र काकांचं पटलं. टाइलच्या सांध्यावर किंवा ओलसर भिंतीवर अशी हँडलं कधी सुटतील त्याचा नेम नाही. अख्ख्या अंगाचा भार त्यांच्यावर टाकूच नये.

काकांशी एकट्याने बोलले तेव्हा खरं काय ते निघालं. “आज दांडा, उद्या डायपर, परवा खाट. मला कळत नाही होय?” मी समजूत घालत बसले नाही. म्हटलं, “काका, उठताना हात कुठे जातो?” ते दाखवायलाच उठले. उजवा हात थेट टॉवेलच्या रॉडवर! रॉड मधोमध वाकलेला, एका टोकाचा स्क्रू अर्धा बाहेर, खाली टाइलवर प्लास्टरची पांढरी भुकटी. “मीच आवळतो अधूनमधून,” ते म्हणाले. आयुष्यभर फिटरचं काम केलेला माणूस. आधार त्यांना हवाच होता, दुसऱ्याने ठरवलेला नको होता.

मग निवड त्यांच्यावरच सोपवली. मुलगा हाताखाली. काकांनी भिंत ठोकून पाहिली, तर दोन टाइलांमागे पोकळ आवाज. ती जागा बाद. पाइप मुठीत नीट मावेल असा, साधारण ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा. भिंतीपासून अंतर ३८ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बोटं आत जातात पण हात घसरून कोपर अडकत नाही. उंची मात्र कुठल्या तक्त्यावरून घेतली नाही. काका कमोडवर बसले, पाय टेकवले, रेटा द्यायला हात जिथे सहज गेला तिथे मुलाने पेन्सिलने खूण केली. पायांची चौकट असलेला सुटा स्टँडही आणून पाहिला होता. तिथे एक अडचण निघाली, जिचा दुकानदार कधी विचार करत नाहीत: आपण डाव्या हाताने धुतो, आणि स्टँडचा डाव्या बाजूचा पक्का दांडा नेमका तिथेच आडवा येतो. म्हणून उजव्या भिंतीला पक्का दांडा आणि डावीकडे मागच्या भिंतीवरून वर उचलता येणारा. भिंतीला टांगलेला कमोड असेल तर सीटच्या बोल्टमध्ये अडकवायची चौकट बऱ्याचदा बसत नाही, हेही घेण्याआधी पाहावं.

सीट उंच करायचा विचार निघाला. उंच सीटवरून उठताना गुडघ्यांवर ताण कमी येतो हे खरं, पण काका बुटके. चार इंची सीटवर त्यांचे पाय लोंबकळले, आणि पाय टेकत नसतील तर उठायला जोर येणार कुठून? दोन इंची घेतली. दांडा बसल्यावर पहिला भार मुलाने टाकून पाहिला, काकांनी नाही.

दाराला आतून कडी लावणारच, यावर ते ठाम होते. मीही अडवलं नाही. नाणं घालून बाहेरून उघडता येईल असं लॅच बसवलं. रात्री उठल्यावर त्यांना गरगरायचं. ती गोष्ट दांड्याने सुटणारी नाही. उभं राहताना रक्तदाब उतरत असेल किंवा एखादी गोळी मानवत नसेल, म्हणून डॉक्टरांकडे पाठवलं.

तेव्हा विचारणाऱ्या सुनेला माझं सांगणं एवढंच: हँडल मागवण्याआधी बाबांना विचारा, उठताना हात कुठे जातो. एका बाजूला अर्धांगवायू असेल किंवा नुकतंच खुब्याचं ऑपरेशन झालं असेल, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे रोजची कामं स्वतःची स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, घरी बोलवून माप घ्या. तिथे अंदाज चालत नाही. आणि टॉवेलचा रॉड आजच काढून टाका. तो समोर आहे तोवर हात तिकडेच जाणार.